एडीयू असलेलं किंवा बांधायचं घर (कॅलिफोर्निया): कर्ज, अप्रेझल, भाडं आणि भारतातून येणारा पैसा

उंबरठा
बे एरिया आणि लॉस एंजेलिसकडे घर शोधणाऱ्यांचा हल्लीचा नेहमीचा प्रश्न: मागच्या अंगणात एडीयू (अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट, म्हणजे मूळ घराच्याच जागेवरचं छोटं स्वतंत्र घर) असलेलं घर घ्यावं, की साधं घर घेऊन एडीयू नंतर बांधावं? आणि बँक यातलं नेमकं काय धरते? माहिती वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरली आहे, म्हणून इथे एकत्र. हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. टेक्सास-न्यू जर्सीवाल्यांनी बांधकामाचे नियम इथून उचलू नयेत.

आधी कायद्याचं थोडक्यात. १ जानेवारी २०२० पासून राज्याने शहरांचे हात बरेच बांधले. ८०० चौरस फुटांपर्यंतचं एडीयू, बाजूला आणि मागे ४ फूट जागा सोडली असेल तर, शहराला सहसा अडवता येत नाही. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर इम्पॅक्ट फी (सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारासाठी घेतली जाणारी) नाही. मालकाने तिथेच राहिलं पाहिजे ही अट शहरं एडीयूला लावू शकत नाहीत. घराच्या भिंतींच्या आतलं, ५०० चौरस फुटांपर्यंतचं ज्युनिअर एडीयू हा वेगळा प्रकार. त्यात बाथरूम मूळ घराशी सामायिक असू शकते, त्यामुळे कर्ज देणारे त्याला पूर्ण युनिट मानतीलच असं नाही.

परवानगी हा सोपा भाग झाला आहे. अडतं ते पैशांत. जाणकारांनी भर घालावी.

दमडी
चांगला धागा. सगळ्यात मोठ्या गैरसमजापासून सुरुवात करतो. "२,४०० डॉलर भाडं येणार, म्हणजे हप्ता २,४०० ने हलका" हा हिशेब खिशाचा आहे, बँकेचा नाही.

बँक आधी त्या भाड्याचे ७५% धरते. उरलेले २५% रिकामे महिने आणि दुरुस्तीसाठी. म्हणजे १,८००. ते हप्त्यातून वजा होत नाहीत, तुमच्या उत्पन्नात मिळवले जातात. उत्पन्न महिना १२,००० असेल तर १३,८०० झालं. कर्जाच्या हप्त्यांना उत्पन्नाच्या ४५% मर्यादा धरली तर ५,४०० ऐवजी ६,२१० डॉलर बसतात. फरक ८१० डॉलरचा. साडेसहा टक्क्यांनी ३० वर्षांच्या कर्जात ८१० डॉलर म्हणजे साधारण १ लाख २८ हजार डॉलर मुद्दल, आणि त्यातून वाढीव प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा वजा करायचाच. एडीयूमुळे घर अडीच-तीन लाखांनी महाग असेल तर ही भर अर्धीही नाही.

आता हे भाडं कोण धरतं (फ्रेडी मॅक आणि फॅनी मे या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्था, म्हणून बँका त्यांचे नियम पाळतात; एफएचए म्हणजे सरकार विमा उतरवतं अशी कर्जं):

फ्रेडी मॅक: २०२२ पासून, स्वतः राहायच्या एका युनिटच्या घरात. खरेदी किंवा कॅश-आउट (जास्तीची रोख काढणं) नसलेल्या रीफायनान्सला, म्हणजे जुन्याच्या जागी घेतलेल्या नव्या कर्जाला. भाड्याचा वाटा एकूण धरलेल्या उत्पन्नाच्या ३०% पर्यंतच. भाडेकरू सांभाळण्याचा अनुभव नसेल तर खरेदीत लँडलॉर्ड एज्युकेशनचा छोटा कोर्स करायला लावतात. कोर्स ऑनलाइन असतो; क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) आदल्या दिवशी आठवला तर पळापळ होते.

फॅनी मे: होमरेडी या कर्जप्रकारात धरतात, पण त्याला भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८०% ची मर्यादा आहे, दोघं आयटीत असलेलं जोडपं सहसा त्यात बसत नाही. बाकी कर्जांबाबत लोन ऑफिसरला फॅनीच्या चालू सेलिंग गाइडचं (नियमपुस्तिकेचं) कलम दाखवायला सांगा. तोंडी "हो धरतात" यावर ऑफर टाकू नका.

एफएचए: ऑक्टोबर २०२३ पासून. आधीपासून असलेल्या एडीयूचं ७५%, २०३(के) या दुरुस्ती-बांधकामाच्या कर्जातून नवीन बांधायच्या एडीयूचं ५०%, आणि इथेही ३०% ची टोपी.

शंकेखोर
एच-वन-बीवाल्यांना एफएचए मिळतं ना?

दमडी
नाही. २५ मे २०२५ पासूनच्या केस नंबरांना (एफएचए अर्जाला मिळणारा क्रमांक) नॉन-परमनंट रेसिडेंट, म्हणजे व्हिसावर राहणारे, बाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. फॅनी-फ्रेडीला वैध व्हिसा आणि चालू राहणारं उत्पन्न पुरतं. जुने यूट्यूब व्हिडिओ पाहून एफएचएची गणितं मांडणाऱ्यांनी एवढी तारीख लक्षात ठेवावी.

निळं_दार
यात बे एरियाचा कळीचा मुद्दा राहिला: कर्जाची मर्यादा. २०२६ साठी कन्फॉर्मिंग (फॅनी-फ्रेडी घेतात अशा) कर्जाची साधी मर्यादा ८,३२,७५० डॉलर आणि महागड्या काउंट्यांत कमाल १२,४९,१२५. वरचे फ्रेडी-फॅनीचे नियम या रकमेच्या आतच लागू. सांता क्लारा काउंटीत १८ लाखांचं घर २०% भरून घेतलं तर कर्ज १४ लाख ४० हजार. ते झालं जंबो, म्हणजे या मर्यादेवरचं कर्ज. जंबो देणारी प्रत्येक बँक आपापले नियम लावते, आणि बऱ्याच जणी एडीयूचं भाडं शून्य धरतात, किंवा दोन वर्षांच्या टॅक्स रिटर्नमध्ये दिसलं तरच धरतात.

माझ्या मते जंबोत जाणाऱ्याने एडीयूकडे कर्जाची पात्रता वाढवायचं साधन म्हणून बघूच नये. पगारावर घर बसत असेल तर घ्यावं. भाडं आलं तर वरकड. मर्यादेच्या जरा वर असाल, समजा १३ लाख लागत असतील, तर डाउन पेमेंट ५१ हजारांनी वाढवून आत येता येतं का ते आधी बघा. तेवढ्यासाठी भारतातली एफडी मोडणंही कधी परवडतं.

शंकेखोर
एक घर बघतोय. लिस्टिंगमध्ये "परमिटेड गेस्ट हाऊस" लिहिलंय. हे एडीयूच ना?

आडवीवीट
असेलच असं नाही. शहराच्या परमिट पोर्टलवर पत्ता आणि एपीएन (काउंटीने जमिनीला दिलेला) नंबर दोन्ही टाकून शोधा. तीन गोष्टी बघायच्या. एक, परमिटवर कामाचं वर्णन काय आहे. "रेक्रिएशन रूम", "वर्कशॉप", "पूल हाऊस" यांचं परमिट म्हणजे राहण्याचं परमिट नव्हे. दोन, स्थिती. "इश्यूड" म्हणजे काम सुरू करायची परवानगी फक्त; शेवटची तपासणी झाल्यावर "फायनल" लागतं. वर्षानुवर्षं "एक्सपायर्ड" पडलेली परमिटं भरपूर सापडतात. तीन, काउंटी असेसरकडचे (करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या कचेरीतले) चौरस फूट आणि लिस्टिंगमधले चौरस फूट जुळतात का.

अप्रेझरची (बँकेसाठी घराची किंमत ठरवणाऱ्याची) व्याख्या आणखी वेगळी. फॅनीच्या लेखी एडीयूला झोपायची जागा, बाथरूम आणि स्वयंपाकघर हवं, आणि आत जायला मूळ घरातून जावं लागता कामा नये. स्वयंपाकघर म्हणजे कपाटं, ओटा, नळासकट सिंक, आणि शेगडी किंवा शेगडीचं कनेक्शन. मायक्रोवेव्ह आणि हॉट प्लेट चालत नाही. उलटही खरं: विकणाऱ्याने तपासणी टाळायला नुसती शेगडी काढून ठेवली तरी ते एडीयूच राहतं.

विनापरवाना असेल तर कर्ज मिळणारच नाही असं नाही, पण अप्रेझरला तसलीच विकली गेलेली घरं दाखवावी लागतात आणि विम्याचा दावा त्यामुळे नाकारला जाणार नाही याची लेंडरला खात्री हवी. तीन आठवड्यांच्या क्लोजिंगमध्ये हे जमवणं अवघड. १ जानेवारी २०२० पूर्वी बांधलेली विनापरवाना एडीयू नियमित करणं एबी २५३३ या कायद्याने सोपं केलं आहे. जीविताला धोका असेल तरच शहर अडवू शकतं. पण ते काम घर घेतल्यावरचं. भाव ठरवताना ते विनापरवाना आहे असंच धरून ठरवा.

उंबरठा
अप्रेझलमध्ये एडीयूचे चौरस फूट मूळ घरात मिळवतात का? एजंट लोक १,४०० + ६०० = २,००० असं लिहितात.

आडवीवीट
सुटं असेल तर नाही. वेगळ्या ओळीत वेगळी किंमत लावतात. त्यामुळे २,००० फुटांच्या घरांशी तुलना करून काढलेला भाव अप्रेझलमध्ये टिकत नाही. आजूबाजूला एडीयूसह विकलेली घरं नसतील तर अप्रेझर हात आखडता घेतो. ऑफर देण्याआधी एजंटकडून एडीयूवाले किमान दोन सौदे मागून घ्या, आणि अप्रेझर आला की त्याला तेच द्या. भाडं धरायचं असेल तर अप्रेझलसोबत फॉर्म १००७, म्हणजे बाजारभावाच्या भाड्याचा तक्ता, सुरुवातीलाच मागवायला सांगा. मागाहून मागवला की आणखी फी आणि दिवस जातात.

दमडी
आता बांधणाऱ्यांकडे येऊ. इथे घोडचूक एकच: २०२०-२१ चं तीन टक्क्यांचं कर्ज मोडून कॅश-आउट रीफायनान्स.

समजा ५ लाख शिल्लक ३% ने आहे, आणि बांधकामाला अडीच लाख हवेत. साडेसहा टक्क्यांनी साडेसात लाखांचं नवं कर्ज काढलं तर पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ४८,७५०. जुनं तसंच ठेवून अडीच लाखांचा हेलॉक (घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं दुसरं कर्ज) ८% ने घेतला तर १५,००० + २०,००० = ३५,०००. सरासरी दर ४.६७% पडतो. हेलॉकचा दर जाहिरातीत जास्त दिसतो म्हणून लोक बिचकतात आणि वर्षाला पावणेचौदा हजार जास्त भरतात.

हेलॉकच्या खोड्याही सांगतो. दर प्राइमसोबत (बँकांच्या पायाभूत व्याजदरासोबत) हलतो. पहिली दहा वर्षं सहसा फक्त व्याज, मग वीस वर्षांत मुद्दलासकट. अडीच लाखांवर ८% ने आधी महिना १,६६७, मग एकदम २,०९१. बाजार पडला तर बँक न वापरलेली रक्कम गोठवू शकते; अर्धं बांधकाम उभं असताना हे झालं तर कंत्राटदाराला सांगणार काय? आणि किंमत आजच्या घराची धरतात, एडीयू झाल्यानंतरची नाही. अर्ज करायचा तो गॅरेज फोडण्याआधी. उघडी भिंत दिसली की अप्रेझल "काम पूर्ण झाल्यावर" या शेऱ्यासह अडकतं.

शंकेखोर
म्हणजे घर घ्यायचं आणि लगेच हेलॉक काढून एडीयू बांधायचं?

दमडी
२०% भरून घर घेतलं असेल तर पहिलं कर्जच ८०% आहे. बहुतेक हेलॉक दोन्ही कर्जं मिळून ८० ते ८५% वर थांबतात. तुमच्या हातात येणार काय? शून्य ते ५%. नव्या खरेदीदाराला हेलॉकचा रस्ता पहिली काही वर्षं जवळजवळ बंद असतो.

त्याच्यासाठी रिनोव्हेशन कर्ज: फॅनीचं होमस्टाइल किंवा फ्रेडीचं चॉइसरिनोव्हेशन. खरेदी आणि बांधकाम एकाच कर्जात, आणि किंमत काम पूर्ण झाल्यानंतरची. फक्त नियम नीट वाचा: "खरेदी + बांधकाम" आणि "पूर्ण झाल्यावरची किंमत" यातलं जे कमी ते धरतात. घर ११ लाख, एडीयू अडीच लाख, खर्च साडेतेरा. अप्रेझर म्हणाला पूर्ण झाल्यावर १२ लाख ६० हजार, तर ८०% म्हणजे १० लाख ८ हजारच. तुम्हाला वाटलेले १० लाख ८० हजार नाहीत. ७२,००० ची तफावत खिशातून, नाहीतर पीएमआय (कमी डाउन पेमेंटवर लागणारा कर्जविमा) भरून कमी डाउन पेमेंट. छोट्या एडीयूला घातलेला पैसा किमतीत पूर्ण उतरत नाही हे धरूनच चाला.

आडवीवीट
आणि तो अडीच लाखांचा आकडा कुठून आला तेही बघायला हवं. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये सहसा फक्त बांधकाम असतं. बाहेर राहतं ते: मोजणी, मातीची तपासणी, स्ट्रक्चरल इंजिनिअर, टायटल २४ चा (राज्याच्या इमारत नियमांनुसारचा) ऊर्जा अहवाल, परमिट फी, ५०० चौरस फुटांपेक्षा मोठं असेल तर शाळेची फी, सांडपाण्याची लाइन, वीज-पाण्यासाठी चर, इलेक्ट्रिकल पॅनल २०० अँपिअरचं करणं. सुटं नवीन बांधकाम असेल तर सोलरही; गॅरेजचं रूपांतर असेल तर ते सुटतं. मूळ घराला आग विझवणारे स्प्रिंकलर नसतील तर एडीयूला सक्ती नाही, तेवढी बचत. या सगळ्याला बांधकामाच्या १५% तरी बाजूला ठेवा आणि त्यावर १०% अडीअडचणीचे. ४०० फुटांचं एडीयू ८०० फुटांच्या निम्म्यात होत नाही. स्वयंपाकघर, बाथरूम आणि चर दोघांनाही तेवढेच लागतात.

मंजूर नकाशे वापरले तर आर्किटेक्टचा खर्च आणि वेळ वाचतो. २०२५ च्या सुरुवातीपासून शहरांना असे पूर्वमंजूर एडीयू नकाशे ठेवावे लागतात. उतारावरच्या प्लॉटला ते सहसा बसत नाहीत.

निळं_दार
कंत्राटदाराचे पैसे या विषयावर स्वतंत्र धागा हवा, तरी मोजकं. घरकामाच्या करारात आगाऊ रक्कम कराराच्या १०% किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी ते. म्हणजे व्यवहारात १,०००. "मटेरियल बुक करायला ३० हजार द्या" म्हणणारा कायदा मोडतोय. अपवाद आहे तो सीएसएलबीकडे (कंत्राटदारांना परवाना देणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे) ठरावीक बाँड भरलेल्यांचा, आणि तो त्यांच्या साइटवर परवाना क्रमांक टाकला की दिसतो. पुढचे हप्ते झालेल्या कामापेक्षा जास्त असू नयेत.

प्रत्येक हप्त्याला कंडिशनल वेव्हर (पैसे मिळाले की घरावरचा दावा सोडल्याचा कागद) घ्या, कंत्राटदाराकडूनच नव्हे, तर ज्यांनी प्रिलिमिनरी नोटीस (आपला दाव्याचा हक्क कळवणारी सूचना) पाठवली आहे त्या प्रत्येक उपकंत्राटदाराकडून आणि लाकूडवाल्याकडूनही. तुम्ही मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले आणि त्याने प्लंबरला दिले नाहीत, तरी प्लंबर तुमच्या घरावर मेकॅनिक्स लीन (थकलेल्या पैशांचा बोजा) टाकू शकतो. मग शेवटचा ड्रॉ (बँक कामाच्या टप्प्याने देते तो हप्ता) अडतो.

कारखान्यात बनलेलं तयार एडीयू घेणाऱ्यांची अडचण वेगळी. कारखान्याला पैसे आधी हवेत, रिनोव्हेशन कर्जाची बँक जागेवर बसलेल्या कामाचेच पैसे देते. मधली रक्कम रोख हवी. करारावर सही करण्याआधी कारखान्याचं हप्त्यांचं वेळापत्रक आणि बँकेचं ड्रॉचं वेळापत्रक शेजारी ठेवून वाचा.

कागदकाम
भारतातून पैसा आणणाऱ्यांसाठी.

आई-वडिलांकडून भेट: एलआरएसखाली (भारतातून परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) प्रत्येकी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. दोघांचे मिळून पाच, आणि मार्च-एप्रिलच्या सीमेवर दोन वर्षांचे वापरता येतात. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर २०% टीसीएस (पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. तो बुडत नाही, त्यांच्या रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसा अडकतो. ८० लाख पाठवायचे तर १४ लाख वेगळे हाताशी हवेत.

इथल्या बाजूला: परदेशी व्यक्तींकडून वर्षात १ लाख डॉलरपेक्षा जास्त भेट आली तर अमेरिकी कर खात्याला फॉर्म ३५२०. कर नाही, फक्त माहिती. पण उशीर केला तर दंड महिन्याला रकमेच्या ५%, कमाल २५%. नेहमीचं टॅक्स सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारेलच असं नाही.

लेंडरला लागतं: गिफ्ट लेटर, देणाऱ्याचं बँक स्टेटमेंट, वायरची पावती, तुमच्या खात्यात जमा झाल्याचं स्टेटमेंट. वडिलांनी प्लॉट विकून पैसे दिले असतील तर विक्रीचा करार मराठीत असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. मामा-काकांच्या खात्यांतून गोळा करून एकाच्या खात्यातून पाठवलेले पैसे अंडररायटर (बँकेतला कर्ज तपासणारा) उकरून काढतो. ज्याचे पैसे त्याच्या खात्यातूनच येऊ द्या.

स्वतःचे एनआरओमधले (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या कमाईच्या खात्यातले) पैसे असतील तर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएच्या प्रमाणपत्रासह. एनआरईला (परदेशातून भरलेल्या पैशांच्या खात्याला) ही भानगड नाही. सीए पुण्यात, बँकेची शाखा सांगलीत आणि क्लोजिंग सॅन होजेत असेल तर महिनाभर आधी सुरुवात करा. दिवाळीत क्लोजिंग असेल तर त्याहूनही आधी.

उंबरठा
करांचंही लिहा ना.

कागदकाम
प्रॉप १३ या राज्याच्या कायद्यामुळे मूळ घराची जुनी असेस्ड (करासाठी धरलेली) किंमत तशीच राहते, फक्त एडीयूची भर त्यात पडते. अडीच लाखांची भर आणि सुमारे १.२% दर म्हणजे वर्षाला ३,०००. पहिलं सप्लिमेंटल (वाढीव किमतीवरच्या कराचं जादा) बिल थेट मालकाच्या नावाने येतं. एस्क्रोतून (लेंडर कर-विमा भरतो त्या खात्यातून) सहसा भरलं जात नाही. लेंडर भरेल म्हणून बाजूला ठेवलं की दंड.

भाडं टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल ई वर. बांधकामाचा खर्च २७.५ वर्षांत घसारा म्हणून: अडीच लाखांचे वर्षाला सुमारे ९,०९०. भाड्याच्या भागाचं व्याज, विमा, कर तिथेच वजा. विकताना त्या घसाऱ्यावर २५% पर्यंत कर लागतो. आणि स्वतःच्या घराच्या नफ्यावरची अडीच किंवा पाच लाखांची सूट भाड्याने दिलेल्या सुट्या एडीयूच्या वाट्याला साधारणपणे मिळत नाही. सीपीएला (इथल्या सीएला) पहिल्याच वर्षी किंमत विभागून ठेवायला सांगा, विकायच्या वर्षी नव्हे.

कॅलएचएफए या राज्याच्या गृहवित्त संस्थेच्या ४०,००० डॉलर अनुदानाच्या पोस्ट अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्याचे दोन्ही टप्प्यांचे पैसे संपलेले आहेत.

शंकेखोर
शेवटचं. एडीयूत सहा महिने आई-बाबा राहणार, बाकीचे सहा महिने भाडं. कर्जाच्या अर्जात भाडं दाखवलं तर?

दमडी
अर्जावर सही करताना ते भाड्याने द्यायचं ठरलेलं नसेल तर दाखवू नका. खोटं निवेदन धरलं जाऊ शकतं, आणि व्हिसावर असलेल्याने तो धोका घेण्याइतका फायदा त्यात नाही. वर दाखवलेला हिशेब पुन्हा बघा, ८१० डॉलरचाच प्रश्न आहे. शिवाय सहा महिन्यांच्या भाड्याचं गणित शहराच्या नियमांवर अवलंबून. बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांपेक्षा कमी भाड्याने देता येत नाही, म्हणजे मधल्या काळात एअरबीएनबी बाद. ट्रॅव्हल नर्स किंवा इंटर्न यांना तीन-तीन महिन्यांच्या कराराने देणं हा व्यवहार्य मार्ग. डिपॉझिट साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याइतकंच घेता येतं, छोट्या मालकांना दोनपर्यंत सूट आहे.

आडवीवीट
आणि असं आलटून-पालटून वापरायचं असेल तर विजेचा वेगळा मीटर घेऊ नका. दुसऱ्या कनेक्शनसाठी वीज कंपनीची वाट बघण्यात काम पूर्ण झालेलं एडीयू महिनोन् महिने फायनलसाठी थांबल्याची उदाहरणं भरपूर आहेत. मुख्य पॅनलवर सबपॅनल टाका, भाड्यात वीज धरा. विमा कंपनीला मात्र भाडेकरू येण्याआधी लेखी कळवा. नुसती घरमालकाची पॉलिसी असेल आणि आग लागली तर पहिला प्रश्न तिथे कोण राहत होतं हाच असतो. बांधकाम चालू असताना बिल्डर्स रिस्क पॉलिसी वेगळी घ्यायची, लेंडर तिचा कागद पहिल्या ड्रॉआधी मागतो.